आधी वायरिंग, मग चार्जर: इमारतीत आणि गल्लीत ईव्ही चार्जिंग कसं वाढवायचं

प्रश्न थोडक्यात असा: इमारतीत चाळीस गाड्यांचं पार्किंग आहे. पाच-सहा घरांत विजेच्या कार आल्या आहेत, आणखी काही येऊ घातल्या आहेत, स्कूटर वेगळ्याच. कमिटी दोन हरकती घेते. इमारतीचा लोड, म्हणजे एका वेळी वीज ओढण्याची मंजूर मर्यादा, पुरणार नाही ही पहिली, आणि आग लागली तर जबाबदार कोण ही दुसरी. शिवाय शेजारच्या गल्लीत ज्यांना स्वतःचं पार्किंगच नाही, त्यांनी चार्जिंग करायचं कुठे, हेही विचारलं आहे.

इमारतींच्या वीजजोडण्या आणि चार्जिंगच्या आखणीचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. त्यातून झालेलं मत आधीच सांगतो. बहुतेक इमारतींत वीज पुरेशी असते, ती वाटून घेण्याची सोय नसते. ती सोय एकदा नीट केली की चार्जरचा डबा कधीही, कुणीही, एका दिवसात लावू शकतो. ती न करता डबे लावत गेलं, तर सातव्या-आठव्या गाडीपाशी सगळं अडतं.

कमिटीच्या बैठकीत होणारा हिशोब असा असतो: एक चार्जर ७.४ किलोवॅटचा, गाड्या चाळीस, म्हणजे २९६ किलोवॅट. एवढा लोड मंजूरच नाही, विषय संपला. गुणाकारात चूक नाही, पण चाळीसच्या चाळीस गाड्या एकाच क्षणी, पूर्ण ताकदीने वीज ओढताहेत असं त्यात धरलेलं आहे. त्याऐवजी प्रत्येकाला विचारा, गाडी रोज किती चालते? मध्यम आकाराची विजेची कार शंभर किलोमीटरला साधारण १५ युनिट घेते. चार्जिंगमधली गळती धरली तर मीटरवर १७ पडतात. रोज ४० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला रात्री सातेक युनिट लागतात. चाळीस गाड्यांचे झाले २८० युनिट. रात्रीचे आठ तास मिळाले तर सरासरी लोड निघतो ३५ किलोवॅट.

३५ वर डिझाइन करा असं मी म्हणत नाही. कडाक्याच्या थंडीत गाडीचा खप वाढतो, सुट्टीच्या शेवटच्या रात्री पाच-सहा गाड्या लांबून रिकाम्या होऊन येतात, काही जण उशिरा येतात आणि लवकर निघतात. मी सरासरीच्या दीडपट धरतो, म्हणजे पन्नासेक किलोवॅट. तरीही २९६ पासून आपण खूप खाली आलो. आणि हा आकडा चाळीसही गाड्या विजेच्या झाल्यावरचा आहे. आज सहाच आहेत.

स्कूटरचा हिशोब तर आणखी सोपा. बॅटरी बहुधा अडीच ते चार युनिटची, आणि रोजच्या तीस किलोमीटरला युनिट-सव्वा युनिट पुरतं. दहा स्कूटर मिळून एका-दोन कारएवढा भार टाकतात. त्यांच्यासाठी वेगळ्या जागी, छपराखाली, स्वतंत्र एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच) असलेली सॉकेटची रांग लावून द्यावी आणि मोकळं व्हावं. सॉकेट शक्यतो निळ्या रंगाची औद्योगिक, १६ अँपिअरची घ्या. घरगुतीपेक्षा ती कितीतरी जास्त टिकतात.

आता इमारतीच्या मंजूर लोडात जागा किती शिल्लक आहे ते बघायचं. इथे अंदाज चालत नाही, मोजावं लागतं. मुख्य पॅनेलवर लॉगर (लोडची सतत नोंद ठेवणारं यंत्र) लावा किंवा स्मार्ट मीटर असेल तर त्याचा दर पंधरा मिनिटांचा डेटा मागवा. किमान दोन आठवड्यांचा हवा, आणि तोही वर्षातल्या सर्वांत जड ऋतूतला. बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी लोडचं शिखर येतं आणि मध्यरात्रीनंतर तो निम्म्याच्याही खाली उतरतो. पण जिथे रात्रभर एसी चालतात किंवा विजेवर घर गरम करतात, तिथे रात्रसुद्धा तेवढी मोकळी नसते. वीजबिलावर छापलेला महिन्याचा कमाल मागणीचा आकडा एकटा उपयोगाचा नाही, कारण ती मागणी किती वाजता आली ते तो सांगत नाही. आपल्याला हवी आहे रात्री अकरा ते सकाळी सहाची फट.

या टप्प्यावर हमखास कुणीतरी सुचवतं, की एकच ६० किलोवॅटचा डीसी फास्ट चार्जर (बॅटरीत थेट डीसी वीज भरणारं मोठं यंत्र) बसवू आणि सगळे आळीपाळीने वापरू. ऐकायला छान वाटतं. पण त्या एका यंत्राला लागणारा लोड हा वरच्या हिशोबातल्या चाळीस गाड्यांच्या एकत्र लोडपेक्षा जास्त आहे, ते महाग आहे, त्याचे पंखे रात्री आवाज करतात, आणि मुख्य म्हणजे रात्री दोन वाजता उठून गाडी काढून पुढच्याची लावायला कुणीही तयार नसतं. गाडी घराखाली दहा तास उभीच असते. २३० व्होल्टवर साधे १० अँपिअर दिले तरी दहा तासांत २३ युनिट होतात, म्हणजे १३० किलोमीटरपेक्षा जास्त. फास्ट चार्जर महामार्गावर हवा, जिथे माणूस थांबून वाट बघतो. झोपायच्या जागी त्याचं काम नाही.

वाटप नक्की होतं कसं, हे कमिटीतल्या एका तरी माणसाला कळलेलं असावं, नाहीतर विक्रेता सांगेल तेच खरं मानावं लागतं. घरात येणारी वीज एसी प्रकारची असते, बॅटरीला डीसी लागते. एसी चार्जिंगमध्ये बॅटरीला डीसी पुरवणारं यंत्र गाडीतच असतं. भिंतीवरचा डबा म्हणजे थोडी अक्कल असलेला स्विच. केबलमधली एक बारीक तार गाडीला सतत एक संकेत देत असते, सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होणारा. त्या चालू-बंदचं प्रमाण बदललं की गाडीला कळतं, आता इतकेच अँपिअर ओढायचे. आयईसी ६१८५१-१ या मानकात हे ठरलेलं आहे, त्यामुळे गाडी कुठल्याही कंपनीची असो, ती हा इशारा पाळते. यात सर्वांत खालची पायरी ६ अँपिअरची आहे, म्हणजे एका फेजवर (इमारतीत वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी एकीवर) सुमारे १.४ किलोवॅट. त्याखाली जाता येत नाही. मग गाडीला थांबवून रांगेत ठेवावं लागतं. म्हणजे पन्नास किलोवॅटमध्ये एका वेळी पस्तीस-छत्तीस गाड्या किमान गतीने चार्ज होऊ शकतात, आणि चाळीसच्या चाळीस एकदम लागल्याच तर उरलेल्या थोडा वेळ थांबतील. प्रत्यक्षात चाळीसही गाड्या रोज लावतच नाहीत. बॅटरी मोठी असली की माणूस दोन-तीन दिवसांनी एकदा केबल जोडतो.

हे वाटप दोन तऱ्हांनी करता येतं. साध्या तऱ्हेत चार्जिंगसाठी एक कायमची मर्यादा ठरवून देतात, समजा ३० किलोवॅट, आणि जोडलेल्या गाड्या ती आपसात वाटून घेतात. दुसऱ्या तऱ्हेत इमारतीच्या मुख्य केबलवर करंट मोजणारे सीटी बसवतात. इमारतीचा बाकीचा खप जसा कमी-जास्त होईल तसा गाड्यांचा वाटा बदलत जातो. लिफ्ट, पंप, एसी सुरू झाले की गाड्या मंदावतात, ते बंद झाले की वेग घेतात. दुसरी तऱ्हा चांगली, पण तिचं एक दुखणं आहे आणि त्याबद्दल विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही: चार्जर आणि हे वाटप करणारा नियंत्रक यांच्यातला संपर्क तुटला तर काय होतं? नीट बसवलेली यंत्रणा अशा वेळी सगळ्या गाड्या ६ अँपिअरवर आणते किंवा थांबवते. घाईत बसवलेली यंत्रणा सगळ्यांना पूर्ण ३२ अँपिअर सोडते आणि मुख्य ब्रेकर पडतो. म्हणून काम ताब्यात घ्यायच्या दिवशी, दोन-चार गाड्या जोडलेल्या असताना, नियंत्रकाची नेटवर्क केबल उपटून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता वायरिंग. माझा सगळ्यात जास्त जोर इथे आहे. परवानगी मिळालेला पहिला मालक आपल्या मीटरपासून स्वतःच्या खर्चाने केबल ओढतो. दुसरा तसंच करतो. पाचव्यापर्यंत केबल ट्रे भरतो, सहाव्याला भिंतीतलं भोक मोठं करावं लागतं, आणि आठव्याला सांगतात की आता जागा नाही. त्यात अंतराचा प्रश्न वेगळाच. ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमधून ३२ अँपिअर नेले तर ४० मीटरवर नऊ-साडेनऊ व्होल्ट गळतात, म्हणजे ४ टक्के, चालून जातं. पार्किंगचं दूरचं टोक ८० मीटरवर असेल तर तीच गळती ८ टक्क्यांवर जाते आणि केबल १० चौरस मिलिमीटरची घ्यावी लागते. प्रत्येकाने अशी आपापली जाड केबल लांबून ओढायची, यात तांबंही वाया आणि पैसाही.

त्यापेक्षा मुख्य पॅनेलवरून एकच जाड फीडर (पुरवठ्याची मुख्य केबल) काढा, पार्किंगमध्ये ईव्हीसाठी वेगळं पॅनेल बसवा, आणि तिथून छताच्या कडेने सगळ्या जागांवरून जाणारी बसबार (कुठूनही फाटा घेता येणारी धातूची पट्टी) किंवा चपटी केबल फिरवा. ज्याची गाडी येईल त्याने आपल्या जागेवर त्यातून फाटा घ्यायचा. हा कणा चाळीसही जागांसाठी एकदाच घालायचा. सहा गाड्यांपुरता घालू, पुढचं पुढे बघू, असं म्हणणाऱ्यांना दोन-तीन वर्षांत तेच काम दुसऱ्यांदा करावं लागतं. आणि एक बारीक गोष्ट: बऱ्याच कार एकाच फेजवर चालतात. सगळे फाटे एकाच क्रमाने जोडले तर तीनपैकी एकच फेज सगळा भार सोसते. पहिल्या जागेला आर फेज, दुसऱ्या जागेला वाय, तिसऱ्या जागेला बी, असं फिरवत जोडायला सांगा आणि तसं पॅनेलवर लिहून ठेवायला लावा. हे कागदावर सगळ्यांना माहीत असतं, जागेवर वायरमन विसरतो.

नवी इमारत असेल तर हे सगळं फुकटात पडल्यासारखं स्वस्त असतं, कारण भिंती फोडायच्या नसतात. म्हणूनच नियमही तिथून सुरू झाले. इंग्लंडमध्ये १५ जून २०२२ पासून पार्किंग असलेल्या नव्या घरांना चार्जिंग पॉइंट बंधनकारक झाला. युरोपीय संघाच्या २०२४ च्या सुधारित इमारत निर्देशाप्रमाणे, तीनपेक्षा जास्त जागा असलेल्या नव्या निवासी इमारतीत निम्म्या जागांपर्यंत केबलिंग आणि उरलेल्यांपर्यंत निदान डक्ट, म्हणजे केबलसाठी रिकामा पाइप, हवा. भारताच्या केंद्राने २०१९ मध्ये आदर्श बांधकाम उपविधींत बदल सुचवले, त्यात पार्किंगच्या २० टक्के क्षमतेला चार्जिंगची सोय धरली आहे. माझं विचाराल तर डक्ट शंभर टक्के जागांना हवा. रिकामा पाइप कधी जुना होत नाही.

पैशावरून मात्र विजेपेक्षा जास्त वाद होतो. मी सुचवतो ती विभागणी अशी: फीडर, पॅनेल, बसबार आणि नियंत्रक हा इमारतीचा भाग, त्याचा खर्च लिफ्टसारखा सगळ्यांवर, कारण त्याने प्रत्येक घराची किंमत टिकते, फाटा आणि चार्जरचा डबा ज्याचा त्याचा. गाडी नसलेले कुरकुरतात. काही ठिकाणी कण्याचा खर्च आधी इमारतीच्या निधीतून करून नंतर जोडणी घेणाऱ्या प्रत्येकाकडून प्रवेशशुल्क म्हणून वसूल करतात, म्हणजे उशिरा येणाराही आपला वाटा देतो. दोन्ही चालतं. चालत नाही ते हे, की पहिल्या सहा जणांनीच कण्याचा सगळा खर्च उचलावा आणि बाकीच्यांनी नंतर फुकट जोडून घ्यावं.

विजेचं बिल तीन वाटांनी मिटवता येतं. आपल्या फ्लॅटच्या मीटरवरून केबल आणणं एकट्यादुकट्याला सोपं, पण मग एकूण लोडवर कुणाचाच ताबा राहत नाही. इमारतीच्या सामाईक मीटरवरून देऊन प्रत्येकाला सबमीटर लावला तर वाटप नीट होतं, मात्र कुणीतरी दर महिन्याला आकडे घेऊन पावत्या करायला हव्यात. चार्जरच आपला हिशोब ठेवत असेल तर हे काम बरंच कमी होतं. तिसरी वाट म्हणजे ईव्हीसाठी वितरण कंपनीकडून वेगळी जोडणी. भारतात फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहक हक्क नियमांत झालेल्या दुरुस्तीने ग्राहकाला अशी वेगळी जोडणी मागता येते. हिशोब स्वच्छ राहतो, ईव्हीचा वेगळा दर असेल तर तो मिळतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या: वेगळ्या जोडणीला स्वतःचा मंजूर लोड असतो, त्यामुळे इमारतीच्या जुन्या जोडणीवर रात्री मोकळा पडलेला लोड तुम्हाला कागदोपत्री वापरता येत नाही. छोट्या इमारतीला, जिथे रात्रीची फट मोठी आहे, तिथे मी सामाईक मीटर आणि सबमीटर सुचवतो. चाळीसच्या पुढे वेगळी जोडणी.

आगीच्या भीतीची थट्टा करू नका, आणि तिच्या आडून नकारही देऊ नका. आधी ती दोन भागांत तोडा, वायरिंगची आग वेगळी आणि बॅटरीची वेगळी. माझ्या कामात जळालेलं जे हाती येतं ते जवळजवळ नेहमी प्लग, सॉकेट किंवा सैल लग (केबलच्या टोकाची धातूची जोडणी) असतं. घरातलं १५-१६ अँपिअरचं सॉकेट गीझरसाठी पंधरा-वीस मिनिटं पूर्ण करंट सोसतं. कारसाठी ते आठ तास सोसावं लागतं, रोज. आतली पकड ढिली होते, तापते, प्लास्टिक पिवळं पडतं. साध्या सॉकेटवर चार्ज करायचंच असेल तर करंट १० अँपिअरवर बांधा, त्या सॉकेटला स्वतंत्र सर्किट द्या, आणि एक्स्टेन्शन बोर्ड कुठल्याही सबबीवर चालू देऊ नका.

आरसीसीबी कुठलीही चालत नाही. गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्समधून थोडा डीसी करंट गळू शकतो आणि तो जुन्या, फक्त एसी ओळखणाऱ्या आरसीसीबीला आंधळं करतो. मग माणसाला शॉक बसला तरी ती पडत नाही. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखण्याची सोय असेल तर टाइप ए आरसीसीबी, नसेल तर डीसी गळतीही ओळखणारी टाइप बी लावा. प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र ३० मिलिअँपिअरची. दहा गाड्यांना एकच लावली तर एका गाडीच्या दोषाने सकाळी दहा जण रिकाम्या बॅटरीने उठतात.

आणि अर्थिंग. अर्थिंग खराब असलं की गाडी चार्जिंग घ्यायला नकार देते, तेव्हा काही जण प्लगमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून गाडीला फसवतात. बाजारात त्यासाठी तयार तुकडेही मिळतात. हे दिसलं तर त्याच दिवशी काढायला लावा. मागे कुठे न्यूट्रल तुटली तर गाडीचं सगळं धातूचं अंग विजेच्या दाबाखाली येतं, आणि दार उघडायला हात लावणारा माणूस जमिनीवर उभा असतो.

बॅटरीच्या आगीत कारपेक्षा मला छोट्या वाहनांची काळजी जास्त वाटते. न्यूयॉर्क शहरात २०२३ मध्ये लिथियम बॅटरीच्या आगींत १८ माणसं गेली, आणि त्या आगींचा मुख्य स्रोत होत्या ई-बाइक आणि तत्सम छोट्या गाड्या, घरात किंवा दुकानात चार्ज होणाऱ्या. त्याच वर्षी तिथे प्रमाणित नसलेल्या बॅटऱ्यांच्या आणि ई-बाइकच्या विक्रीवर बंदी आली. आपल्या इमारतीपुरता नियम साधा ठेवा: काढता येणारी बॅटरी जिन्यात, पॅसेजमध्ये किंवा घराच्या दारामागे चार्ज करायची नाही, आणि चार्जर मूळ कंपनीचाच. अट घालायची तर त्याआधी खाली चांगली सॉकेट द्यावी लागतात, नाहीतर लोक बॅटरी वर नेतातच. कारच्या पार्किंगसाठी प्रवेशद्वारापाशी ईव्ही पॅनेल बंद करणारा एकच ठळक स्विच हवा, आणि तो कुठे आहे ते अग्निशमन दलाला आधीच दाखवून ठेवावं. तळघरात पाणी शिरत असेल तर पॅनेल आणि डबे त्या पातळीच्या वर. विमा कंपनीला पत्र लिहून कळवा आणि उत्तर फाइलला लावा. कमिटीचा जीव त्या कागदाने जितका शांत होतो तितका कुठल्याही भाषणाने होत नाही.

एवढं करूनही कमिटी नाहीच म्हणाली तर? बऱ्याच देशांनी तो नकार कायद्याने अवघड करून ठेवला आहे. स्पेनमध्ये स्वतःच्या पार्किंगच्या जागेत स्वतःसाठी चार्जर बसवायला संमती लागत नाही, आधी कळवलं की झालं. कॅलिफोर्नियात २०१२ पासून गृहसंघटनेला अवाजवी अडवणूक करता येत नाही. नॉर्वेत २०१८ पासून फ्लॅटमालकाला योग्य कारणाशिवाय नाकारता येत नाही. जर्मनीत १ डिसेंबर २०२० पासून फ्लॅटमालक असा हक्क मागू शकतो आणि भाडेकरूही घरमालकाकडे मागणी करू शकतो; काम कसं करायचं ते मात्र फ्लॅटमालकांचा संघ ठरवतो. मला हा जर्मन तोल आवडतो. करायचं का, हा प्रश्न बैठकीपुढे राहतच नाही; फक्त कसं करायचं तेवढंच ठरतं. तुमच्याकडे असा कायदा असो वा नसो, ठरावाचा मसुदा त्याच धर्तीवर लिहा. कण्याला जोडूनच, अमुक प्रतीचं संरक्षण लावून, प्रमाणित ठेकेदाराकडून, आणि नियंत्रकाच्या ताब्यात राहून कुणीही सदस्य किंवा भाडेकरू जोडणी घेऊ शकेल, असं लिहा. प्रत्येक अर्जावर वेगळी चर्चा ठेवलीत तर ओळखीच्यांना लवकर मिळतं आणि इतरांना उशिरा. पार्किंगच्या जागा ठरलेल्या नसतील तर सोडतीच्या वेळी ईव्हीवाल्यांना बसबार जिथे आधी पोचते त्या बाजूच्या जागा द्या, आणि पाहुण्यांच्या जागेत दोन सामाईक पॉइंट ठेवा.

आता गल्ली. ज्यांची गाडी रस्त्यावर उभी राहते त्यांच्यासाठीही तत्त्व तेच: गाडी जिथे रात्र काढते तिथे हळू चार्जिंग. लंडनमध्ये दिव्याच्या खांबांतून चार्जिंग दिलं जातं. जुने दिवे जाऊन एलईडी आले तेव्हा त्या केबलमध्ये वीज शिल्लक राहिली, ती साधारण ५ किलोवॅटपर्यंत गाडीला देता येते. रस्ता खणावा लागत नाही हा त्यातला मोठा फायदा. मात्र खांब फुटपाथच्या आतल्या कडेला असेल तर केबल चालणाऱ्यांच्या पायांत येते, आणि सगळे दिवे एकाच सामाईक स्विचवरून लागत असतील तर दिवसा त्या केबलला वीजच नसते. हे दोन्ही आधी बघायचं. ऑक्सफर्डमध्ये घरापासून रस्त्यापर्यंत फुटपाथमध्ये बारीक नाली पाडून तीत केबल बसवण्याचा प्रयोग झाला. यात घरच्या दराने वीज मिळते, पण घरासमोरची जागा आपल्याला मिळेल याची हमी कोण देणार? दाट वस्तीत ती मिळत नाही. फुटपाथवरून उघडी केबल टाकणं तर कुठेच मान्य करू नका, वर रबरी पट्टी टाकली तरी. चाकाच्या खुर्चीतला माणूस तिथेच अडतो.

ॲमस्टरडॅमची पद्धत मला जास्त शहाणी वाटते. तिथे स्वतःचं पार्किंग नसलेला रहिवासी महापालिकेकडे मागणी करतो आणि जवळपास पुरेसे पॉइंट नसतील तर सार्वजनिक पॉइंट उभा राहतो. तो त्या माणसाच्या मालकीचा नसतो, कुणीही वापरू शकतो. मागणी जिथे आहे तिथेच खांब लागतात, त्यामुळे ते धूळ खात पडत नाहीत. तुमच्या भागात अशी योजना नसेल तर निदान ती मागणी गोळा करा: गल्लीतल्या ईव्हीमालकांची यादी, प्रत्येक जण रात्री गाडी कुठे लावतो त्या जागा नकाशावर, रोजचे किलोमीटर. पालिकेच्या किंवा वितरण कंपनीच्या अभियंत्यापुढे असा एक कागद ठेवला की बोलणं लगेच कामाच्या पातळीवर येतं. किती पुरे, याचा एक आधार हवा असेल तर युरोपीय संघाच्या नियमात, एप्रिल २०२४ पासून, प्रत्येक पूर्ण विजेच्या कारमागे १.३ किलोवॅट सार्वजनिक चार्जिंग क्षमता असावी असं उद्दिष्ट आहे. शंभर गाड्यांच्या वस्तीला १३० किलोवॅट, म्हणजे ७.४ चे सतरा-अठरा पॉइंट. हा राष्ट्रीय पातळीचा आकडा आहे, तुमच्या गल्लीत किती जणांना घरी सोय आहे त्यावर तो कमी-जास्त होईल.

दुसरा मार्ग म्हणजे आधीच असलेल्या पार्किंगचा रात्रीचा वापर. शाळा आणि कार्यालयं यांच्या जागा संध्याकाळी सातनंतर बहुधा रिकाम्या असतात आणि त्यांचा मंजूर लोडही. रात्री आठ ते सकाळी आठ असा करार केला तर रहिवाशांना जागा आणि संस्थेला उत्पन्न, दोन्ही होतं. अडचण सकाळी येते, आठ वाजता गाडी न काढणाऱ्यांची. करारात त्यासाठी तासाचा दंड हवा, आणि तो चार्जरनेच आपोआप लावावा. रखवालदाराला भांडायला लावू नका. रात्री मात्र असा दंड ठेवू नये. पहाटे तीनला चार्जिंग संपलं म्हणून कुणी गाडी हलवायला जाणार नाही, आणि जावं अशी अपेक्षाही चुकीची आहे.

वितरण कंपनीच्या बाजूने बघायचं तर गल्लीतला ट्रान्सफॉर्मर दिवसभर तापतो आणि रात्री थोडा थंड होतो. रात्रीचा स्वस्त दर अकराला सुरू होत असेल आणि सगळ्या गाड्यांच्या टायमरवर अकराच लावलेले असतील तर अकरा वाजून एक मिनिटाला संध्याकाळपेक्षा मोठं शिखर उभं राहतं. ब्रिटनने ३० जून २०२२ पासून लागू केलेल्या नियमांत यावर साधा उपाय आहे. घरगुती चार्जरने सुरुवात करताना दहा मिनिटांपर्यंतचा कसाही उशीर आपण होऊन घालायचा, म्हणजे सगळे एका क्षणी सुरू होत नाहीत. इमारतीचा नियंत्रक असेल तर तोही गाड्या अशाच पांगवू शकतो. सांगायला विसरू नका, कारण हे बहुतेक यंत्रांत असतं पण बंद ठेवलेलं असतं.

शेवटी कंत्राट, आणि इथे कमिट्या सर्वांत जास्त फसतात. एखादी कंपनी येऊन म्हणते, सगळं आम्ही फुकट बसवतो, दहा वर्षं चालवतो, युनिटमागे आमचा दर. वाईटच असतं असं नाही, पण सही करण्याआधी काही गोष्टी लिहून घ्या. बसबार आणि केबल करार संपल्यावर इमारतीच्या मालकीच्या राहतील. चार्जर ओसीपीपी या खुल्या प्रोटोकॉलवर चालतील, म्हणजे उद्या कंपनी बदलली तरी तेच डबे दुसऱ्याच्या यंत्रणेला जोडता येतील. दर कसा वाढेल याचं सूत्र विजेच्या दराशी बांधलेलं असेल. पॉइंट बंद पडला तर किती तासांत दुरुस्त होईल आणि न झाल्यास काय कापलं जाईल, हे ठरलेलं असेल. इंटरनेट गेलं तरी रहिवाशाला कार्डाने चार्जिंग सुरू करता येईल. आणि आरसीसीबीची चाचणी, लग आवळणं, अर्थिंगचं मोजमाप हे दर वर्षी कोण करणार, त्याचं नाव कंत्राटात असेल. यांतली मालकीची आणि ओसीपीपीची अट कंपनी मान्य करत नसेल तर तिच्या फुकटापेक्षा स्वतःच्या खर्चाने आधी फक्त कणा घाला, आणि चार्जरचं पुढच्या वर्षी बघा.